शेवटच्या पाच जागा

मॅटी गिल्डे मंगळवारी सकाळी चहाचा कप हातात धरून खुर्चीतच गेला. कप सांडला नाही. काहीही वाया गेलेलं मॅटीला खपत नसे, त्यामुळे कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

आमच्याकडे, डब्लिनपासून दूर मेयो परगण्याच्या या कोपऱ्यात, माणूस गेला की त्याला घरी आणतात, पुढच्या खोलीत उघड्या शवपेटीत ठेवतात आणि सगळा गाव येऊन त्याच्याकडे बघत "छान दिसतोय" म्हणतो. मॅटीला जिवंतपणी असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मग गुडघे टेकून एक प्रार्थना, आणि स्वयंपाकघरात चहा, हॅमची सँडविचेस आणि गेलेल्याविषयी शक्य तितकं चांगलं बोलणं. बुधवारी संध्याकाळी सातला पेटीचं झाकण लागणार होतं आणि गुरुवारी सकाळी दफन. फादर टोल एकटे पाच गावं सांभाळतात, तेव्हा दिवस पुढे ढकलण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न होता एंडाचा. एंडा म्हणजे मॅटीचा एकुलता एक मुलगा. डेन्मार्कमध्ये संगणकांच्या एका अवाढव्य गोदामात वायरिंगचं काम करतो. विमानाच्या तिकिटांचे भाव असल्याच कुठल्याशा गोदामातली यंत्रं वाढवतात म्हणे. म्हणजे त्यांना वीज एंडाच पुरवत असणार.

"तो नाही येत," अट्रॅक्टा त्याच मंगळवारी संध्याकाळी दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती. अट्रॅक्टा म्हणजे मॅटीची बायको. आता विधवा म्हणायचं, पण तोंडाला सवय व्हायची होती. "मीच सांगितलं, येऊ नकोस म्हणून. एका जागेला एवढे पैसे? हा उठून बसेल पेटीत. महिन्याने चर्चमध्ये याच्या नावाने मिस्सा होईल, तेव्हा ये म्हटलं, तोवर तिकिटं उतरतात."

"आणि तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"बरं म्हणाला. शहाणा आहे. बापावर गेलाय. कोट वर ठेवा, मास्तर. आमच्या खोलीत ठेवा, मागच्या नको."

मी इथल्या शाळेत भूगोल शिकवतो, आणि जिना चढून वर गेल्यावर अर्थातच मागच्या खोलीत शिरलो. पलंगावर धुतलेली चादर अंथरलेली होती, पायथ्याशी टॉवेल घडी करून ठेवला होता आणि पांघरुणाखाली गरम पाण्याची पिशवी. हात लावून पाहिला, तर पिशवी कढत होती. जो महिनाभर येणार नव्हता त्याच्यासाठी अट्रॅक्टा दर थोड्या वेळाने पिशवीतलं पाणी बदलत होती.

मी दार ओढून घेतलं आणि कोट दुसऱ्या खोलीतल्या ढिगावर टाकला. ढीग खिडकीच्या काठापर्यंत आला होता. त्यातला प्रत्येक कोट इथे येण्याआधी मागच्या खोलीत डोकावून आलेला असणार, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. मी फक्त एवढंच ठरवलं की एंडाचं तिकीट आपण काढायचं, गुपचूप, आणि त्याला पाठवून द्यायचं. अट्रॅक्टाला आधी कळलं तर ती काढू देणार नाही. एंडाला आधी कळलं तर तो अट्रॅक्टाला सांगेल.

आमच्या दरीत मोबाइलला रेंज नाही. गिल्ड्यांचं वायफाय आहे, पण राउटर पुढच्या खोलीत, खिडकीच्या फळीवर, नेमका मॅटीच्या डोक्याशी. स्वयंपाकघरात गेलं की एक रेघ, न्हाणीघरात तीही नाही. मी पुढच्या खोलीत गेलो, पेटीजवळ गुडघे टेकले, हात जोडले आणि जोडलेल्या हातांत फोन धरला.

खोलीत आधीच पाचजण गुडघ्यांवर होते. सगळ्यांच्या माना खाली. फादर टोल कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून भारावून पाहत होते.

बुधवारी दुपारचं कोपनहेगन–डब्लिन विमान. तेवढं एकच वेळेत पोचणारं. 'या भावात फक्त पाच जागा शिल्लक.' मी एंडाचं नाव घातलं. पुढे स्वस्त विमानकंपनीचा नेहमीचा पाहुणचार सुरू झाला. बॅग हवी? नको. खात्री आहे? आहे. खिडकी हवी? नको. मग मधली जागा मिळेल, चालेल? चालेल. मोटार भाड्याने? विमा? नको? तुमच्यासारखे बहुतेक प्रवासी विमा घेतात. घेवोत. विमा नको असल्यास, देशांच्या यादीत डेन्मार्क आणि डोमिनिकाच्या मध्ये 'विमा नको' नावाचा देश शोधा. भूगोल शिकवत असूनही मला तो देश पटकन सापडला नाही. सापडला तेव्हा पान म्हणालं, फार वेळ घेतलात, भाव बदलला आहे.

एकशे चाळीस युरोंचे एकशे नव्वद झाले होते. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोनशे चाळीस.

"दरोडेखोर," माझ्या शेजारी कुणीतरी कळवळून पुटपुटलं. तो बर्टी हॉपकिन्स होता, मॅटीचा बांधाशेजारचा शेतकरी, जो चर्चमध्येसुद्धा मागच्या भिंतीला टेकून उभा राहतो.

"मास्तर," तो ओठ न हलवता म्हणाला, "तुमच्याकडे किती दाखवतोय?"

"काय किती?"

"सोंगं नका करू. गुडघे गेले माझे."

"दोनशे चाळीस."

"माझ्याकडे तीनशे दहा! आणि मी विमाही घेऊन बसलोय चुकून."

"श्श!" पेटीच्या पलीकडून कॉन्सेप्टा म्हणाली. ती टपाल कचेरीत बसते आणि गावातली निम्मी गुपितं तिथून बाहेर पडतात. "माझ्याकडे तर जागाच संपल्या म्हणतंय."

"संपतील कशा? एक माझ्याकडे आहे," दुधाच्या गाडीवाला टर्लक म्हणाला. "पैसे भरायच्या पानावर आहे, पण बँकेचा आकडा बायकोच्या फोनवर जातो आणि बायको स्वयंपाकघरात सँडविच कापतेय."

"एक माझ्याकडेही आहे," मागून आवाज आला. आणि आणखी मागून, "माझ्याकडेही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ज्या शेवटच्या पाच जागांसाठी दुपारपासून भाव चढत होता, त्या जागा मॅटीच्या पेटीभोवती गुडघे टेकून बसल्या होत्या. कुणाच्या हातून एखादी सुटली की दुसरा ती धरत होता, आणि यंत्राला वाटत होतं, या एंडा गिल्डेची जगात काय मागणी आहे!

तेवढ्यात अट्रॅक्टा केकचं ताट घेऊन आत आली.

"अट्रॅक्टा," फादर टोल सद्गदित होऊन म्हणाले, "अशी भक्ती मी या गावात पहिल्यांदाच पाहतोय."

अट्रॅक्टाने खाली वाकलेले आणि खालून उजळलेले सहा चेहरे पाहिले. "काय विकत घेताय?" तिने विचारलं.

उत्तर दिलं ते कॉन्सेप्टाने, कारण तिला गप्प राहणं जमत नाही: "एंडाचं तिकीट. अगं, रागावू नकोस. कोट ठेवायला वर गेलो होतो आम्ही."

अट्रॅक्टाने ताट फादरच्या मांडीवर ठेवलं आणि ती म्हणाली, "आणि त्याला विचारलंत कुणी?"

कुणीही विचारलं नव्हतं.

तिने एप्रनच्या खिशातून फोन काढला आणि वायफायवरूनच एंडाला लावला. कानाला लावला की कान तापतो असं तिचं म्हणणं, म्हणून ती नेहमी स्पीकरवर बोलते.

"एंडा? कुठे आहेस?"

"खोलीवर."

त्याच्या मागे एक बाई डॅनिशमध्ये कुठल्याशा विमानाची घोषणा करत होती.

"एंडा."

"विमानतळावर आहे, आई. म्हटलं इथे खिडकीवर मिळेल. खिडकी आहे, आत माणूस नाही."

"मी येऊ नको म्हटलं होतं."

"म्हणालीस."

"आणि तू बरं म्हणालास."

"म्हणालो. तुला काळजी नको म्हणून. पण मिळतच नाहीये गं. शेवटच्या पानापर्यंत जातो आणि कुणीतरी उचलतं. जागा परत येते, परत जाते. कोण हलकट आहेत देव जाणे."

आम्ही सहाजण गालिच्याकडे पाहू लागलो.

"ते इथेच आहेत," अट्रॅक्टा म्हणाली. आणि आमच्याकडे वळून, शाळेतही मी कधी वापरला नसेल अशा आवाजात: "सोडा. सगळ्यांनी. एकही धरून ठेवायची नाही."

आम्ही सोडल्या. कंपनीने विचारलं, नक्की? आम्ही म्हटलं, नक्की. टर्लकने तर भीतीने फोनच बंद केला. पण सुटलेली जागा पुन्हा विक्रीला यायला पाव तास लागतो, हे कॉन्सेप्टाला ठाऊक होतं. पाव तास आता करायचं काय?

"जपमाळ घेऊ या," फादर टोल केकचं ताट खाली ठेवत म्हणाले. "तिला साधारण तेवढाच वेळ लागतो."

अट्रॅक्टाने फोन पेटीच्या काठावर, मॅटीच्या खांद्याशी उभा केला. फादर सुरू झाले, आम्ही उत्तरं देऊ लागलो, आणि आमच्या मागून अर्ध्या शब्दाच्या अंतराने एंडाचा आवाज येऊ लागला. विमानतळावरच्या त्या गर्दीत तो मोठ्याने बापासाठी प्रार्थना म्हणत होता. आजूबाजूच्या डॅनिश लोकांनी काय केलं असेल ते असो. अट्रॅक्टाचे ओठ हलत होते, पण तिचा आवाज मला ऐकू येत नव्हता. ती फक्त फोनकडे पाहत होती.

चौथ्या दशकात, म्हणजे दहा मण्यांच्या चौथ्या फेरीत, एंडा मध्येच थांबला. फादर थांबले नाहीत, पण वेग कमी केला. आम्ही उत्तर दिलं. पलीकडून काही नाही. पुन्हा दिलं. काही नाही. बर्टीने माझी बाही घट्ट धरली.

"मिळालं," एंडा म्हणाला.

फादर टोल यांनी उरलेली जपमाळ ज्या वेगाने संपवली, त्याची नोंद बिशपसाहेबांपर्यंत न गेलेली बरी.

"कितीला?" अट्रॅक्टाने विचारलं.

आकडा आम्हाला माहीत होता. बर्टीने सोडताना शेवटचा पाहिला होता आणि त्याचा चेहरा अजून पांढरा होता.

"एकोणीस युरो," एंडा म्हणाला.

अट्रॅक्टाने आम्हा सहाजणांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं.

"स्वस्तात मिळालं," ती म्हणाली. "बॅग घेतलीस?"

"नाही. तिचे वेगळे मागतात."

"बरं केलंस." तिने फोन उचलला आणि पहिल्यांदाच कानाला लावला. आमच्याकडे पाठ करून ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, फक्त शेवटचं आलं: "ये, बाळा. ये तू."

बुधवारी संध्याकाळी बर्टी त्याला बसथांब्यावरून घेऊन आला. एंडा दारातून अंग तिरकं करूनच आत आला, कारण बॅगेत जे काही आलं असतं ते सगळं त्याच्या अंगावर होतं. पेटीपाशी जाऊन त्याने बापाच्या हातावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. घाम त्याच्या हनुवटीवरून टपकत होता.

अट्रॅक्टा पुढे झाली. तिने त्याच्या अंगातलं कामावरचं नारिंगी जाकीट काढलं, घडी केलं, खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. मग एक स्वेटर, मग दुसरा. तो लहान मुलासारखा एकेक हात वर करत होता, दुसरा बापाच्या हातावरून न काढता. खिशांतून मोजे निघाले, दाढीचं सामान निघालं. सगळ्यात आत काळा सूट होता, चुरगळलेला. तिने तो तळहाताने खांद्यावरून खालपर्यंत पुन्हा पुन्हा सरळ केला. सरळ होत नव्हता.

"गार लागतोय हात," एंडा म्हणाला.

"हो रे," ती म्हणाली.

सात वाजून गेले होते. पेटीचं झाकण लावायला आलेला लूक मुल्डून दारात उभा होता. त्याच्या धंद्यात वेळ म्हणजे वेळ. उशीर होतोय म्हणून त्याने एकदा फादरनाही हटकलं होतं. त्याने खोलीत एक नजर टाकली, घड्याळ बाहीखाली सरकवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, आणखी एक कप चहा मिळेल का.