माझी बारावी पट्टी

टप्प.

दुपारची वेळ होती. गुंडी नुकतीच झोपली होती. तिची आई चोरपावलांनी खोलीबाहेर निघाली होती, आणि घरात नळ गळण्याचासुद्धा आवाज नव्हता. नेमकी तेव्हाच माझी दोरी तुटली. पाठोपाठ तीन पट्ट्या खाली फरशीवर पडल्या. गुंडी उठून बसली. आईने कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मीच तिच्या लेकीला चिमटा काढला होता.

मित्रांनो, मी एक जुना झायलोफोन आहे. कुणी मला काष्ठतरंग म्हणतात. मला शिसवी लाकडाच्या चव्वेचाळीस पट्ट्या आहेत. डावीकडच्या लांब, उजवीकडे जाल तशा आखूड. प्रत्येकीच्या खाली एक पोकळ नळी आहे. दोन काठ्यांनी ठोकलं की मी बोलतो. मार खाऊन गोड बोलणारे जगात थोडेच असतात. त्यांतला मी एक.

माझा जन्म एका लांबट, उंच छताच्या कारखान्यात झाला. तिथे ओंडके आधी सात वर्षं नुसते वाळत पडायचे. मग त्यांच्या पट्ट्या कापायच्या. माझा कारागीर चष्मा दोऱ्याने कानाला बांधून बसायचा. पट्टीच्या पोटातून जरासं लाकूड तासायचा, ठोकून ऐकायचा, पुन्हा जरासं तासायचा. पोटातून तासलं की सूर खाली उतरतो, टोकाकडून तासलं की वर चढतो. हाताखालच्या पोरांना तो रोज एकच वाक्य ऐकवायचा, "बाबांनो, लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही. हात आवरा." शेवटी त्याने प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडली, त्यांतून एक लांब दोरी ओवली आणि मला चौकटीवर झुलत ठेवलं. माझ्या अंगावर त्याने कारखान्याचा छोटा गोल शिक्का मारला. तो अजून आहे.

मग मी एका नाटकगृहात आलो. रंगमंचाच्या पुढे एक खोलगट जागा होती, तिथे वादक बसायचे. मला वाजवणारा माणूस उंच होता. खुर्ची छोटी पडायची, म्हणून तो उभ्यानेच वाजवायचा. हेच गुंडीच्या आईचे बाबा. माझी वीस वर्षं त्यांच्या हाताखाली गेली. रंगमंचावर कुणी चोरपावलांनी आलं की माझ्या उजवीकडच्या पट्ट्या वाजायच्या. कुणी धपकन पडलं की बाबा काठी डावीकडून उजवीकडे सरसर ओढायचे आणि सगळं नाटकगृह हसायचं. लोकांना मी दिसत नव्हतो. पण हसत होते ते माझ्यामुळेच, हे मला ठाऊक होतं.

काठ्यांच्या टोकांना लोकर गुंडाळलेली असते. ती झिजली की नवी लागते. ते काम बाबांच्या बायकोचं. ती लेकीचे आखूड झालेले स्वेटर उसवायची आणि ती लोकर काठ्यांना गुंडाळायची. त्यामुळे एक वर्ष माझ्यावर पिवळ्या काठ्या पडायच्या, एक वर्ष निळ्या. मुलगी किती वाढली, हे मला काठ्यांच्या रंगावरून कळायचं.

दिवस सारखे राहत नाहीत. नाटकगृह बंद पडलं. मुलीचं लग्न झालं तेव्हा बाबांनी मला तिच्याकडे दिलं. म्हणाले, "कोरड्या जागी ठेव. आणि वाजवत जा गं. न वाजवलेलं लाकूड मठ्ठ होतं."

तिने सुरुवातीला वाजवलंही. मग नोकरी लागली, मग गुंडी झाली. एक दिवस माझ्यावर चादर आली. चादरीवर घडी घालायचे कपडे आले, त्यांवर औषधाची बाटली, तिच्यावर विजेचं बिल. मी झायलोफोनचं टेबल झालो. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पण राग नाही आला. तिला बसून गरम चहा प्यायला मिळत नव्हता, ती मला कधी वाजवणार?

दर रविवारी बाबांचा फोन यायचा. शेवटी ते विचारायचे, "वाजवतेस ना?"

"हो बाबा. रोज," ती म्हणायची.

मी चादरीखालून ऐकायचो.

आता तीच अडचण झाली होती. बाबा एकटे पडले होते. घर आवरून ते कायमचे लेकीकडे राहायला येणार होते, पुढच्याच्या पुढच्या रविवारी. आणि माझ्या पट्ट्या फरशीवर पडलेल्या.

संध्याकाळी गुंडीचे वडील आले. ते नोकरी करतात कारकुनाची, पण घरात सगळे त्यांना इंजिनिअर म्हणतात. कारण घरातली एकही वस्तू त्यांच्या स्क्रूवाचून राहिलेली नाही.

"दोरीबिरी जुनी भानगड आहे," ते म्हणाले. "हलतात म्हणून पडतात. हलूच दिल्या नाहीत तर?"

"अरे, पण त्या हलायला नकोत का?"

"अगं, दार हलतं का? खुर्ची हलते का? मग हे कशाला हलेल? तू गुंडीला बघ. मी सकाळपर्यंत ठणठणीत करतो."

त्यांचा हेतू चांगला होता, हे मला सांगितलंच पाहिजे. बायकोच्या डोळ्यांतली काळजी त्यांना बघवत नव्हती. त्यांनी एकेक पट्टी चौकटीला घट्ट आवळली. अकरा पट्ट्या झाल्या. बारावीत स्क्रू नेमका दोरीच्या भोकात शिरला आणि करकन आवाज झाला. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चिरली. त्यांनी घाबरून शेजारची वाजवून पाहिली. ठक्. पाटावर वाटी आपटावी तसा आवाज. अकराही तशाच.

गुंडी म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला बूच लावलं का?"

गल्ली ओलांडून गेलं की सायकलच्या दुकानावर एक खोली आहे. तिथे एक बाई वाद्यं दुरुस्त करतात. लोक त्यांना सूरमावशी म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन आल्या, माझ्याकडे एकवार पाहिलं आणि इंजिनिअरसाहेबांना म्हणाल्या, "जागा अगदी बरोबर निवडलीत हो. गळा बरोबर ओळखलात आणि तोच आवळलात."

इंजिनिअरसाहेब पेचकस मागे लपवून उभे राहिले.

"स्वयंपाकघरातून जरा मीठ आण बाळ," मावशी गुंडीला म्हणाल्या. त्यांनी माझी एक लांब पट्टी सोडवली, दोन जाड दोऱ्यांवर आडवी ठेवली, वर मीठ भुरभुरलं आणि काठीने हळूहळू ठोकत राहिल्या. मीठ नाचू लागलं. नाचत नाचत सरकलं आणि दोन्ही टोकांपासून थोडं आत, दोन सरळ रेघांत गोळा होऊन थांबलं.

"कुणी हाकललं त्याला?" गुंडीने विचारलं.

"पट्टीने. ती सगळीकडून थरथरते. फक्त या दोन रेघांवर गप्प असते. म्हणून धरायचं ते इथेच, आणि तेही सैल. नुसता आधार द्यायचा. आवळलं की गाणं संपलं."

गुंडीची आई हे ऐकून उगीचच गुंडीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

मावशींनी स्क्रू काढले. स्क्रूंनी पडलेल्या भोकांत शिसवी लाकडाचा भुसा आणि सरस भरला, नवी दोरी ओवली. अकरा पट्ट्यांना कंठ फुटला. प्रश्न राहिला बारावीचा. ती महत्त्वाच्या सुराची पट्टी. तिच्यावाचून एकही गाणं पुढे सरकत नाही. आईने माझ्या कारखान्याला फोन लावला. तो बंद होऊन बारा वर्षं झाली होती. मग मावशींनी एका जुन्या पलंगाच्या लाकडातून पट्टी घडवली. सूर बरोबर लागला, पण आवाज परका. गाणाऱ्या माणसांत एकजण नाकातून गात असावा तसा.

"चालेल की," इंजिनिअरसाहेब म्हणाले.

"बाबांना नाही चालणार," आई म्हणाली. "त्यांना मी रोज वाजवते म्हणून सांगितलंय. वर्षानुवर्षं सांगितलंय. आता काय तोंड दाखवू?"

शेवटी मावशींना आठवलं. पलीकडच्या भागातल्या एका शाळेत पूर्वी त्या वाद्यं दुरुस्त करायला जायच्या, तिथे असंच एक वाद्य होतं. शनिवारी आई, गुंडी आणि मावशी तिथे गेल्या. चिरलेली पट्टी मापाला बरोबर नेली होती, म्हणून तिच्या रूपाने मीही गेलो असं समजा. शिपाईकाकांनी अडगळीची खोली उघडली. मोडक्या बाकांच्या मागे, धुळीने माखलेला, माझ्यासारखाच एकजण उभा होता. अंगावर तोच छोटा गोल शिक्का. काही पट्ट्या ओलीने फुगलेल्या, नळ्या गंजलेल्या. गुंडीने जमिनीवरची पेन्सिल उचलून त्याच्या एका पट्टीवर टकटक केलं. तो वाजला. धुळीतून, पण स्वच्छ.

"हा बोलतो की गं, आई," गुंडी म्हणाली.

"न्या हो," शिपाईकाका म्हणाले. "मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलंय, कुणी मागितलं तर द्या. इथे त्याला कोण विचारतंय?"

मावशींनी त्याची बारावी पट्टी अलगद काढली. तिथे एक फट राहिली, पडलेल्या दातासारखी. त्या म्हणाल्या, "एकच नेते. बाकीचा असू दे जागेवर." आणि दार पुन्हा बंद झालं.

रविवारी बाबा आले. हातात एक पेटी, काखेत छत्री. चहा झाल्यावर उठले आणि सरळ माझ्यापाशी आले. चादर नव्हती. धूळ नव्हती. त्यांनी पेटीतून त्याच जुन्या काठ्या काढल्या. या खेपेला लोकर लाल होती, आणि जरा वेडीवाकडी गुंडाळलेली. ती त्यांनी स्वतःच गुंडाळली असावी.

त्यांचे हात आता सावकाश चालतात. ते खालून वर वाजवत गेले. बाराव्या पट्टीवर थांबले. पुन्हा ठोकली. कान खाली नेला.

"ही आपली नव्हे," ते म्हणाले.

आईच्या तोंडून मग सगळं बाहेर पडलं. दोरी, स्क्रू, शाळा. आणि सगळ्यात शेवटी, खाली मान घालून, "बाबा, मी वाजवत नव्हते. खूप दिवसांत नाही."

"ते मला ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "रोज वाजवणारा माणूस कधी रोज म्हणत नाही. तो तक्रार करतो. दोरी सैल झाली, लोकर झिजली, अमकी पट्टी कुरकुरते. तू कधी तक्रारच केली नाहीस."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर रविवारचा फोन कोणी उचलला असता?" मग ते जावयाकडे वळले. "आणि जावईबापू, माझ्या खोलीतल्या पलंगाला मात्र भरपूर स्क्रू लावा. तो कुरकुरलेला मला चालत नाही."

इंजिनिअरसाहेब हसले. आईही हसली, डोळे पुसत. बाबांनी लेकीच्या हातात एक काठी दिली, एक स्वतःकडे ठेवली, आणि दोघं मिळून एक जुनं, सोपं गाणं वाजवू लागली. ती चुकायची, ते थांबायचे. किती वर्षांनी माझ्या अंगात तो थरथराट भरला. नवी पट्टी आधी बुजली, मग तिचा आवाज आमच्यात मिसळला. एकाच कारखान्याचं लाकूड आम्ही, ओळख पटायला वेळ लागला नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. घरात कुणी गप्प झालं असेल, तर त्याच्यावरची चादर अधूनमधून उचला. आणि त्याला धराल तेव्हा सैल धरा. मला त्या दिवशी तेवढं मिळालं, आणि मी सुखी झालो. पण गाताना एक गोष्ट मी मनातल्या मनात टाळत होतो. ती मी बोललो नाही. मोठ्यांपैकीही कुणी बोललं नाही.

गुंडी माझ्या चौकटीला हनुवटी टेकून उभी होती. गाणं संपलं तशी ती बारावी पट्टी बोटाने चाचपत म्हणाली, "आई, मग आता त्या शाळेतल्याला त्याची बारावी कुठून आणायची?"