शेंदराची खोळ

कवटी “एकदम स्वच्छ करून ठेवली आहे” असं राजुरीच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष अमृत सर फोनवर म्हणाले, तेव्हाच मी पुण्याहून निघायला हवं होतं. मी शनिवारची वेळ घेतली.

कवटी काचेच्या पेटीत, लाल मखमलीवर होती. मागे फ्लेक्स: ‘जगातील पहिली मेंदू शस्त्रक्रिया – राजुरी’. त्यावर सरांचा फोटो कवटीच्या फोटोहून मोठा होता. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. हाडांची तज्ज्ञ म्हणून मी प्रमाणपत्रावर फक्त सही करायची होती.

“शेजारी खोडदला ती जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, तर आपल्याकडे ही,” सर म्हणाले. “भोक बघा मॅडम. कंपासनं काढल्यासारखं.”

“फारच गोल आहे.”

“आधी वाकडंतिकडं होतं हो. उंदरानं कुरतडल्यासारखं दिसायचं. बुधवारी थोडा पॉलिश पेपर मारला. ऐंशी नंबर.”

मी भिंग लावलं. कवटीच्या हाडात दोन घट्ट थरांमध्ये एक जाळीदार थर असतो. भोक पाडल्यावर माणूस जगला तर ती जाळी हळूहळू बुजते आणि कड गुळगुळीत, उतरती होते. लगेच मेला तर जाळी उघडीच राहते. तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दगडाच्या पात्यानं या डोक्याला भोक पाडलं होतं. तो माणूस त्यातून वाचला का, याचं उत्तर फक्त त्या कडेवर होतं. आता तिथे ताजी, पांढरी, उघडी जाळी होती.

“ही कड कधीची?” मी विचारलं.

“तीन हजार वर्षांची.”

“बुधवारची. तुम्ही घासलीत त्या दिवसाची.”

सर हसले. “मग सही?”

“कशावर? सुतारकामावर?”

त्यांचा चेहरा पडला, पण आवाज पडला नाही. “मॅडम, मी ही अंधश्रद्धेतून सोडवून आणली. इथल्याच गोरखच्या शेततळ्याच्या खोदाईत रांजणात निघाली. त्याच्या आईनं, बयाबाईनं, ती झाडाखाली मांडली आणि दर अमावास्येला तेल-शेंदूर फासला. बोटभर जाड थर. मी खुरप्यानं उचकटला. अख्खी खोळ निघाली.”

“खोळ कुठे आहे?”

“म्हातारीनं नेली. टाकायची नसते म्हणे, नदीत सोडायची असते. उद्या अमावास्या आहे.”

मी भिंग पिशवीत टाकलं आणि बाहेर पडले.

बयाबाई ओट्यावर कांदे निवडत होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला खालपासून वर पाहिलं.

“त्या मास्तराचीच माणसं का तुमी?”

“नाही.”

“लई घासलं त्यानं. भांडं हाय का ते?”

त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. खोळ वाटीएवढी होती, दगडासारखी कडक.

“तेल कोणतं वापरलंत?”

“करडईचं. दुसरं चालत न्हाई.”

शेंदरात कालवलेलं करडईचं तेल सुकून घट्ट होतं. खोळीच्या आतल्या बाजूला भोकाच्या मूळ कडेचा ठसा जसाच्या तसा उमटला होता: उतरती, गुळगुळीत कड, एकही छिद्र नाही. शेजारी पात्याच्या बारीक रेघा, त्यांच्याही कडा बुजलेल्या.

“आजी, भोक पाडल्यावरही हा माणूस जगला. बरीच वर्षं.”

“मला ठावं व्हतं.”

“कसं?”

“बोट फिरवलं की. भरल्याली जखम बोटाला कळत न्हाई व्हय? तुमाला त्याला भिंग लागतं.”

मी सांगितलं, की कवटी सरकारजमा होईल, ती परत देण्याचं वचन मी देऊ शकत नाही. खोळ मात्र मला तपासायला हवी. नदीत गेली तर हा माणूस जगला हे कोणीच मानणार नाही.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“नदी म्हयनाभर थांबंल,” त्या म्हणाल्या. “पर डबा माझा हाय. आन लिवताना लिव्हा, कोनी लावला शेंदूर ते.”

मी पावती लिहून दिली. त्यांनी ती वाचून घेतली.

माझ्या अहवालात पुराव्याखाली बयाबाईंचं नाव आहे. आपलंही नाव यावं असा अमृत सरांचा फार आग्रह होता. तेही आहे, दुसऱ्या पानावर, ‘अलीकडील नुकसान’ या मथळ्याखाली, पॉलिश पेपरच्या नंबरासह.