तांब्याचं घंगाळ

सावनीची झाडं बघायला माणसं यायला लागली, तेव्हापासून पद्मजावहिनींच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

तीस वर्षं राबून त्यांनी या कुंपणात बाग केली होती. खाली सगळा जांभा दगड. पहारीने खड्डे पाडून, पाटीपाटीने माती आणून भरली, तेव्हा कुठे अनंत लागला, सोनटक्का लागला. आळीत कुणाची जास्वंद रुसली तर फांदी वहिनींकडेच यायची. आणि त्याच कुंपणातल्या पलीकडच्या घरात राहणारी धाकटी जाऊ सावनी पाच चिमुकली झाडं कुरियरने मागवते काय, पडवीत दोरीला टांगते काय, आणि महिला मंडळ वहिनींच्या फुललेल्या अनंतावरून तसंच पुढे जाऊन तिच्या पडवीत उभं राहतं काय. माती नाही, कुंडी नाही. बायका तोंडात बोट घालायच्या.

"हवेवर जगतात म्हणे," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "उद्या भातसुद्धा दोरीवर लावील."

"छान दिसतात पण," चिंतामणराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. त्या दिवशी त्यांना आमटी अळणी मिळाली.

फेब्रुवारीत सावनीच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि तिला तीन आठवड्यांसाठी पुण्याला जावं लागलं. तिचा नवरा अपूर्व मिरजोळ्याला कारखान्यात. झाडाला पाणी घाल म्हटलं तर तो प्लॅस्टिकच्या फुलांनाही घालील. तेव्हा सावनी पाची झाडं घेऊन वहिनींच्या दारात आली.

"वहिनी, ही तुमच्याकडे ठेवते. सगळं लिहून दिलंय. तेवढं वाचा हं."

वहिनींनी कागद उघडला. पहिली ओळ होती, 'आठवड्यातून एकदा अर्धा तास पाण्यात बुडवावीत.' त्याच्या पुढे त्यांनी वाचलं नाही. काल आलेली ही पोर मला पाणी घालायला शिकवणार. त्यांनी कागदाची घडी घातली आणि चहाच्या डब्याखाली सरकवली.

झाडं त्यांनी आपल्या पडवीत दोरीला टांगली आणि पहिले आठ दिवस त्यांना पाण्याचा थेंबसुद्धा दाखवला नाही. हवेवर जगतात ना, मग जगू देत. सकाळचा कोरडा मतलई वारा सुटायचा. पानं आत वळायला लागली, शेंडे वाळले. खोटं कशाला सांगा, वहिनींना बरं वाटलं. सावनी आल्यावर काय बोलायचं तेही त्यांनी ठरवून टाकलं: "अगो, हवा कमी पडली असेल."

नवव्या दिवशी दोरीखालून जाताना त्यांचं लक्ष गेलं. सगळ्यात मोठं झाड मधोमध लालभडक झालं होतं आणि त्या लालीतून जांभळं टोक वर येत होतं. कळी होती. वहिनींचा हात आपोआप पुढे गेला. तीस वर्षांची सवय, ती कळीला मरू देत नाही. आणि हात पोचायच्या आत मनात दुसरंही आलं, की हे आपल्याकडे फुललं तर सावनीकडे फुललं नाही असंच होणार.

मग त्यांनी कसूर ठेवली नाही. माळ्यावरून माहेरचं तांब्याचं घंगाळ काढलं, चिंच लावून लखलखीत घासलं, विहिरीचं ताजं पाणी भरलं आणि पाची झाडं त्यात सोडली. तांब्यातलं पाणी शुद्ध. त्यांच्या आईने उभ्या जन्मात दुसरं पाणी प्यायलं नव्हतं. अर्धा तास कसला, सकाळपासून दुपारपर्यंत, तेही रोज.

चौथ्या दिवशी फूल उमललं. वहिनींनी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्याकडे फुललं.' दिवसभर कौतुक चाललं होतं. पुण्याहून सावनीनेही लिहिलं, 'वहिनींचा हात!' ते वहिनींनी दोनदा वाचलं. हिला कसं काही लागत नाही, याचाच त्यांना राग आला.

फूल गेलं आणि आठवड्याच्या आत झाडंही गेली. शेंडे काळे पडले, बुडं मऊ झाली, हात लावला की पानं सुटून यायची. वहिनींनी घंगाळ आणखी घासलं, पाणी आणखी बदललं. काही उपयोग झाला नाही.

सावनी आली ती आधी झाडांपाशीच गेली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या घंगाळाकडे वळली.

"वहिनी, तांब्यात ठेवलीत?"

"मग कशात ठेवायची? माझ्या आईचं घंगाळ आहे ते. जिवापाड केलं मी."

"लिहिलं होतं हो मी." आवाज चढला नाही की काही नाही. "असू दे. तुम्ही केलंत ते चांगलंच म्हणून केलंत."

ती गेल्यावर वहिनींनी चहाचा डबा उचलला. कागदाला चहाचा गोल डाग पडला होता. 'पाण्यातून काढल्यावर झटकून उलटी ठेवावीत.' 'ऊन नको, उजेड हवा.' 'तांब्याच्या भांड्यात कधीही नको, तांबं त्यांना मारतं.' आणि सगळ्यात खाली, जरा बारीक अक्षरात:

'मोठं झाड यंदा फुलेलसं वाटतं. फुललं की ते हळूहळू जातं, पण जाण्याआधी बुडाशी पिल्लू देतं. ते पिल्लू तुमचं, वहिनी. मी वाचून वाचून वाढवते. तुमच्या हाताला ते असंच येईल.'

वहिनी पडवीत गेल्या. मोठं झाड अजून दोरीला होतं. त्यांनी ते उतरवून उंबऱ्यावर घेतलं आणि कुजलेली पानं एकेक करून बाजूला केली. अगदी बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढं एक टोक निघालं.

त्यांनी ते नखाने हलकेच उचलून उजेडात धरलं. तेही काळं पडलं होतं.