पहिल्या बाकाचं टोक

पिरोश्का नेनीला, म्हणजे पिरोश्का मावशीला, चर्च दुरुस्त करायला आलेल्या बारा डच पाहुण्यांकडून एकच गोष्ट साधायची होती: चर्चमधल्या बायकांच्या पहिल्या बाकाचं, पाळकासमोरचं टोक. ट्रान्सिल्वेनियातल्या आमच्या हंगेरियन गावात बाई कुठे बसते त्यावरून तिचं घर ओळखतात. पिरोश्का चाळीस वर्षं पाचव्या बाकावर, खांबाआड बसत होती. प्रवचन ऐकू यायचं, पाळक दिसायचा नाही. पहिलं टोक बोरी नेनीचं, त्याआधी तिच्या सासूचं. बाकांच्या पाठीवर घराघराच्या खुणा चाकूने कोरलेल्या, त्यामुळे वाद घालायची सोयच नव्हती.

मी घंटा वाजवतो. वरच्या झरोक्यातून चर्चचं अंगण दिसतं, आणि अंगणात कुणाचं काय चाललंय तेही.

डच मंडळींनी दिवसा चर्चची डागडुजी करायची, संध्याकाळी एकमेकांची गाणी शिकायची, आमच्या बायकांनी त्यांना भरतकाम दाखवायचं, असा पंधरा दिवसांचा बेत होता. पाहुणे स्वतःच्या खर्चाने आले, हेच गावाला खटकलं.

"पदरमोड करून कुणी परक्यांचे बाक घासतं का?" बोरी म्हणाली. "यांचा डोळा छतावर आहे."

छताच्या रंगवलेल्या जुन्या फळ्या चौऱ्याऐंशी. बोरी रोज भरतकाम घेऊन आत स्टुलावर बसायची आणि टाके कमी, फळ्या जास्त मोजायची.

"बोरी, मान आखडेल गं," पिरोश्काने दारातून टोकलं.

"माझी मान आहे. तू तुझे पाहुणे सांभाळ. काल तिसरा केक झाला म्हणे?"

"पाहुणचार नको करायला?"

"तुझा पाहुणचार! माझ्या लग्नात एवढीशी कोंबडी आणली होतीस, तीही लंगडी."

बाक घासायला अंगणात काढले होते. गुरुवारी पिरोश्काने तिच्याकडे उतरलेल्या टिनेकेचा हात धरला, तिला पहिल्या बाकापाशी नेलं, कोरलेल्या खुणांवर बोट ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. टिनेकेला आमची भाषा येत नव्हती, पण वाकडं तोंड कळलं. जेवणाच्या आत डच मंडळींच्या घासायच्या यंत्राने सगळ्या बाकांच्या पाठी गुळगुळीत झाल्या. आत बोरी म्हणत होती, "चौऱ्याऐंशी. आहेत सगळ्या."

शनिवारी बाक आत आले. बोरीने आपल्या खुणेवर हात फिरवला, तो सरळ घसरत गेला.

"पिरोश्का!"

"माझ्यावर का ओरडतेस? यंत्र त्यांचं."

टिनेकेने पाळकामार्फत हसून सांगितलं, "कुणीतरी चाकूने नासधूस केली होती. काढून टाकली."

पाहुणे संध्याकाळी गेले. रविवारी सगळ्या बायका अंगणात खोळंबल्या. खूण नाही, तर कोण कुठे बसणार? मी तिसऱ्यांदा घंटा दिली तेव्हा पाळक वैतागून बाहेर आले. "वयाने बसा! लग्नांची नोंदवही आणतो, त्यात जन्मतारखा आहेत."

बोरीचा चेहरा खुलला. ती एकाहत्तरची, तिच्याहून मोठं कुणी उरलेलं नव्हतं. पिरोश्का शेजारच्या गावाहून लग्न होऊन आलेली, आणि ती अडुसष्टची हे गावाला तिनेच सांगितलेलं. पिरोश्का पुढे सरकली. मग म्हणाली, "पाळकसाहेब, माझं पान काढा."

पाळकांनी वाचलं. त्र्याहत्तर.

"पाच वर्षं गिळलीस?" बोरी किंचाळली.

"वाट सोड, पोरी," पिरोश्का म्हणाली आणि आत गेली.

आता हे कुणाला किती महागात पडलं ते सांगतो. डच मंडळींच्या हातांना फोड आले. बोरी टोकावरून एक जागा आत सरकली. पिरोश्काने पाच वर्षं दिली, तीही हसत. सगळ्यात महाग पडलं ते तिच्या नवऱ्याला, गेर्गेयला. त्याने कधीच काही मागितलं नव्हतं. लग्नात त्या पानावर सही करताना तो वहीकडे नाही, नवरीकडे बघत होता. सत्तर वर्षांचा गेर्गेय दोन वर्षांनी मोठा म्हणून घरात शेवटचा शब्द त्याचा असायचा. परवा मी त्याला विचारलं, कोंबड्यांचं खुराडं कुठे बांधतोयस? मान खाली घालून म्हणाला, "घरातल्या मोठ्यांना विचार."