खिळ्यावरचा त्रिकोण

लाकडी त्रिकोणाला भोक एकाच कोपऱ्यात होते, दोन समान बाजू जिथे मिळत तिथे. त्यामुळे फळ्याशेजारच्या खिळ्यावर तो कायम टोक वर करून टांगलेला असे. त्याच्यामागे भिंतीवर त्याच आकाराची, चुना न लागलेली पिवळट जागा उरली होती.

आंजी गावच्या या शाळेत भूमिती शिकवावी ती मुख्याध्यापक सदाशिवरावांनी. कंपास न घेता ते फळ्यावर एका दमात वर्तुळ काढत. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते आणि दोन वर्षांपासून नलूबाईंना विचारत होते, दहावीची भूमिती तुम्ही घेता का. नलू बी.एस्सी. झालेली, विज्ञान शिकवणारी. प्रयोग करताना तिचा हात कधी थरथरला नाही, पण फळ्यावर रेघ हमखास वाकडी येई. ती म्हणे, "पाहू, सर." तिने घेतली नाही, तर वर्ध्याहून कोणीतरी तासापुरते येऊन प्रमेये घोकून घेणार, हे दोघांनाही ठाऊक होते.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत सदाशिवराव कामानिमित्त वर्ध्याला गेले आणि नववीचा भूमितीचा तास तिच्याकडे आला. तिने समद्विभुज त्रिकोण काढला. तो कलंडला, समान बाजूंचा कोपरा खाली डावीकडे गेला.

"बाई, तुमचा त्रिकोण निजला काऊन?" मागच्या बाकावरून शेवंताने विचारले. वर्ग हसला. नलूही हसली, पण तिने तो पुसला नाही. समान बाजूंवर खुणेच्या बारीक रेघा मारल्या, त्या दोन्हींमधल्या कोनात चाळीस अंश लिहिले आणि उरलेले दोन कोन काढायला सांगितले.

बाकांमधून फिरताना तिला सगळीकडे एकच उत्तर दिसले. खालचा दुसरा कोन चाळीस, वरचा शंभर. बेरीज चोख एकशेऐंशी, उत्तर चूक. प्रमेय विचारावे तर सगळ्यांना तोंडपाठ: समान बाजूंसमोरचे कोन समान. मग खालचेच दोन सारखे कसे धरले, असे तिने शेवंताला विचारले. शेवंताने खिळ्याकडे बोट दाखवले.

"सारखे तं खालचेच असते, बाई."

नलूने लाकडी त्रिकोण काढून तिच्या हाती दिला. आधी सरळ धर, मग निजव, मग उलटा कर. शेवंताने समान बाजूंवरून बोट फिरवले आणि त्यांच्यासमोरच्या कोपऱ्यांवर दोन अंगठे ठेवले. मग हळूच तिने एकशेऐंशीतून चाळीस वजा केले, उरलेल्याचे दोन सारखे भाग पाडले. सत्तर, सत्तर. त्रिकोण पुढच्या बाकावर गेला आणि तास संपेपर्यंत वर्गभर फिरत राहिला; खिळ्यावर परत गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी रिकामा खिळा पाहून सदाशिवरावांनी शिपाई प्रेमदासला हटकले. नलूने पुढे होऊन घडले ते सांगितले. सगळे ऐकून त्यांनी खडू उचलला, तसाच निजलेला त्रिकोण काढायला घेतला. सवयीने तो सरळच उभा राहू लागला. ते अर्ध्यावर थांबले आणि खडू तिच्यापुढे धरला.

"तुम्हीच काढा, नलूबाई. माह्या हातानं तो निजत नाई."

तिने खडू घेतला. त्रिकोण कलंडलेलाच आला. एकदा त्याच्याकडे नीट पाहून, बोटांवरची भुकटी झटकत ती म्हणाली,

"सर, जूनपासून दहावीची भूमिती मी घेते."