मंगळवारची मोटार

उत्तरेश्वरानं हँडलला दोन गचके दिले. तिसऱ्याला मोटार खोकली, थरथरली आणि निळा धूर सोडत सुरू झाली. मग चौघा गड्यांनी हिंमतरावांना खुर्चीसकट उचलून आणलं आणि मागच्या गादीवर डाव्या अंगाला बसवलं. पुढचं सगळं द्वारकाबाईंनी स्वतः केलं. नवऱ्याचा लुळा उजवा पाय उचलून आत घेतला, लुळा हात मांडीवर ठेवला, तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातली लाळ पदरानं टिपली आणि फेटा सारखा केला. दर मंगळवारी हे असंच चाले आणि दर मंगळवारी ते बघायला निम्मं गाव दारासमोर गोळा होई.

"सावित्रीच गं बाई," धुरपताबाई शेजारणीला म्हणाली, पण द्वारकाबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं. "दर आठवड्याला नवऱ्याला सोलापूरला न्यायचं म्हंजी खायचं काम न्हाय."

द्वारकाबाईंनी मान खाली घातली. कौतुक ऐकताना मान खाली घालायची सवय त्यांना या तीन महिन्यांत चांगलीच लागली होती.

पौषात एके दुपारी जेवता जेवता हिंमतरावांच्या हातातून घास गळाला आणि पाठोपाठ ते स्वतः कलंडले. तुळजापूरहून डॉक्टर राघवेंद्र आले. उजवं अंग गेलंय, वाचा गेलीय, पण कळतं सगळं, असं त्यांनी रोग्याच्या उशाशी बसूनच सांगितलं.

"सोलापूरच्या दवाखान्यात विजेचा शेक देतात. दर आठवड्याला न्यायचं. पहिल्या चार-सहा महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं आपलं. मग शिरा एकदा आखडल्या की आखडल्या," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी खिडकीतून छपराखालच्या मोटारीकडं बोट केलं. "दारात मोटार आहे म्हणून बरं. नाहीतर या हाडांना एसटीचे धक्के सोसले नसते."

हिंमतरावांनी डोळे मिटून उघडले. त्यांना पटलं होतं.

मोटारीचा रबरी भोंगा पूर्वी स्टेअरिंगपाशी होता. द्वारकाबाईंनी तो काढून मागच्या गादीच्या डाव्या अंगाला बसवून घेतला. मालकांना काही हवं-नको झालं तर धडधाकट डाव्या हातानं वाजवता यावा, असं त्या म्हणाल्या. त्याचंही गावाला फार कौतुक वाटलं.

भोंग्याशी मात्र द्वारकाबाईंची जुनी ओळख होती.

निजामाचं राज्य बुडालं त्या धामधुमीत हिंमतरावांनी ही मोटार हैदराबादेकडच्या एका जहागीरदाराकडून उचलली होती. तेव्हाच ती जुनी होती. कापडी टप, पितळी दिवे आणि दोन्ही बाजूंना चढायला लांबलचक पायऱ्या. ती वर्षातून एकदा निघायची, दसऱ्याला. झेंडूच्या माळा घालून शिवेपर्यंत जायची, सोनं लुटायची आणि परत यायची. बाकी वर्षभर कापडाखाली. रोज जेवण झालं की हिंमतराव छपरात जात, कापड दूर करत, स्टेअरिंग धरून बसत आणि भोंगा दाबत. भोंगा वाजला की द्वारकाबाईंनी चहा घेऊन जायचं, कप पायरीवर ठेवायचा आणि गाडीला हात न लावता परत फिरायचं. तीस एकर बागायतीचा मालक उभ्या मोटारीत चहा पितो, याचं गावाला हसू यायचं. पण हिंमतरावांच्या तोंडावर हसायची कुणाची छाती होती?

"येकदा बसून बघू का?" पहिल्याच वर्षी द्वारकाबाईंनी विचारलं होतं.

"बसशील की. घाई काय हाय?"

घाई सहा वर्षांपूर्वी झाली. अणदूरहून माणूस आला. आईची जीभ जड झालीय, डोळे दाराकडं लावून पडलीय, असा निरोप होता. मार्गशीर्ष होता, रस्ता कोरडा खडखडीत. द्वारकाबाई तशाच धावत छपरात गेल्या. हिंमतराव चिंधीनं दिवा पुसत होते.

"मोटारीनं सोडा की मला. घंटाभराचं काम हाय."

"खंडोबा बी वर्सातनं येकदाच अणदूर सोडून नळदुर्गाला जातो," हिंमतराव दिव्यात स्वतःचं तोंड न्याहाळत म्हणाले. "ही काय रोज काढायची चीज हाय? बैल जुपाय सांग."

बैलगाडी निघाली. अर्ध्याहून जास्त वाट सरली असेल, तेवढ्यात मागून भोंगा ऐकू आला. तो आवाज त्यांनी हजारांत ओळखला असता. नवऱ्याला दया आली, आपल्याला न्यायला मोटार आली, असं वाटून त्यांना भरून आलं. त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं आणि पाय खाली सोडून उतरायच्या तयारीनं त्या बसल्या. भोंगा पुन्हा वाजला, रागानं. गाडीवानानं बैल रस्त्याकडेच्या चारीत घातले. मोटार बाजूनं निघून गेली. हिंमतरावांशेजारी कुणी हॅटवाला पाहुणा होता, त्याला नळदुर्गचा किल्ला दाखवायला ते निघाले होते. त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला.

द्वारकाबाई पोचल्या तेव्हा मयत उरकून बायका नदीवरून परत येत होत्या. आई दुपारपर्यंत जड जिभेनं विचारत होती, असं भावजयीनं सांगितलं.

या गोष्टीबद्दल द्वारकाबाई पुढं एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात भोंगा वाजला तेव्हा त्या चहा घेऊन गेल्या.

तर शेकाच्या पहिल्या मंगळवारी मोटार गावची कच्ची वाट संपवून डांबरी सडकेला लागली. इथून उजवीकडं सोलापूर, डावीकडं अणदूर. उत्तरेश्वर गाडी उजवीकडं वळवू लागला.

"डावीकडं घे," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यानं गाडी थांबवली. "बाईसाहेब, सोलापूर हिकडं हाय."

"म्हाईत हाय मला."

उत्तरेश्वरानं इतकी वर्षं ही मोटार धुतली होती, पुसली होती, तिला हँडल मारलं होतं. स्टेअरिंगला हात लावला म्हणून एकदा थोबाडीतही खाल्ली होती. मालकांकडं बघून बघूनच तो चालवायला शिकला होता. आता ते त्याच्या दोन्ही हातांत होतं. त्यानं आरशात मालकांकडं पाहिलं, मालकिणीकडं पाहिलं आणि गाडी डावीकडं घेतली. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही आणि गावात कुणापाशी चकार शब्दही काढला नाही.

हिंमतरावांना आधी वाटलं, गडी चुकला. त्यांनी भोंगा दाबला. मग त्यांनी बायकोकडं पाहिलं. द्वारकाबाई समोरच्या सडकेकडं बघत होत्या. त्यांच्या गालांना वारा लागत होता आणि त्या हसत होत्या. हिंमतरावांना सगळं उमगलं ते त्या क्षणी. मग ते भोंगा दाबतच राहिले, अणदूरची वेस येईपर्यंत.

तेव्हापासून दर मंगळवारी मोटार डावीकडं वळली. द्वारकाबाईंनी नळदुर्गचा किल्ला पाहिला, बोरी नदीच्या काठी बसून पिठलं-भाकरी खाल्ली. भाऊ-भावजय गाव सोडून गेल्यावर बंद पडलेलं आईचं घर एका मंगळवारी बाहेरून पाहिलं. टप खाली करून, डोक्यावरचा पदर उडू देत त्या बसायच्या. त्यांना सुख होत होतं, अगदी मनापासून सुख. शेजारी नवऱ्याचे डोळे भरून यायचे तेव्हा ते जास्तच व्हायचं. याची लाज वाटायला हवी हे त्यांना कळत होतं, पण वाटत नव्हती. संध्याकाळी घरी आल्यावर धुरपताबाई विचारायची, "काय म्हणत्यात सोलापूरचे डॉक्टर?" आणि द्वारकाबाई सांगायच्या, "धीर धरा म्हणत्यात."

हिंमतरावांची उजवी बोटं मात्र तळव्याकडं वळू लागली होती. रात्री अंथरुणावर ते डाव्या हातानं ती एकेक करून सरळ करत. सकाळी ती पुन्हा वळलेली असत.

त्या मंगळवारीही मोटार अणदूरला खंडोबाच्या देवळापुढं थांबली. द्वारकाबाई दर्शन घेऊन आल्या आणि हिंमतरावांच्या कपाळाला भंडारा लावत होत्या, एवढ्यात समोरच्या झाडाखालून हाक आली.

"द्वारकाबाई? तुम्ही इकडं कुठं?"

डॉक्टर राघवेंद्र. गावातल्या पोरांना देवी टोचायला ते आले होते. टेबल मांडलं होतं, भोवती आयांची गर्दी होती. द्वारकाबाईंचा हात नवऱ्याच्या कपाळावरच थबकला.

आणि हिंमतरावांनी भोंगा दाबला.

इतका जोरात त्यांनी तो कधीच वाजवला नव्हता. देवळावरची कबुतरं उडाली, टोचून घेणारी पोरं रडायची थांबली. डॉक्टर जवळ आले तरी भोंगा वाजतच होता. मग त्यांनी भोंगा सोडून डॉक्टरांची बाही धरली, ओढली, सडकेच्या सोलापूरच्या बाजूला हात केला, पुन्हा भोंगा धरला. घशातून गुरासारखा आवाज निघत होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"हिंमतराव, अहो हळू, हळू!" डॉक्टर हसले. "काय म्हणतायत?"

द्वारकाबाईंनी कपाळावरचा हात काढला. बोटांचा भंडारा पदराला पुसला.

"मोटार थांबली की असंच करत्यात," त्या म्हणाल्या. "चालू ठिवा म्हणत्यात. आदी देवाचं दर्शन, मग सोलापूर धरायचं, पर ह्यास्नी दम न्हाय."

"व्हय," उत्तरेश्वर मध्येच बोलला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "लई नाद हाय मालकास्नी."

डॉक्टरांनी मान डोलावली. "मी पौषात पाहिलं तेव्हा नुसते आढ्याकडं बघत पडलेले होते. आता हा हुरूप बघा!" मग त्यांनी हिंमतरावांचा उजवा हात हातात घेतला, बोटं उलगडून पाहिली. ती उलगडेनात. त्यांचा चेहरा उतरला. ते द्वारकाबाईंना जरा बाजूला घेऊन गेले, पण फार लांब नाही.

"खरं सांगू का? तीन महिने शेक देऊन बोटं ही अशी. आता त्या शेकानं काही व्हायचं नाही. उगाच सोलापूरचे हेलपाटे आणि त्यांचे हाल. बंद करा तो शेक."

"बंद करू?"

"करा. पण ही मोटार बंद करू नका. ह्या मोटारीनंच त्यांना जगवलंय. आठवड्यातनं एकदा कशाला? रोज काढा. जिथं न्याल तिथं न्या."

"रोज," द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मान खाली घातली.

"तुमच्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं," डॉक्टर म्हणाले आणि पोरांकडं परत गेले.

मोटारीतून काहीच आवाज येत नव्हता. हिंमतरावांचा डावा हात भोंग्यावरून घसरून गादीवर पडला होता. द्वारकाबाई त्यांच्या उजव्या अंगाला चढून बसल्या, त्यांची लाळ टिपली, फेटा सारखा केला. उत्तरेश्वरानं हँडल मारलं.

गाव मागं पडल्यावर द्वारकाबाई म्हणाल्या, "परंड्याचा किल्ला म्हणं लई मोठा हाय. म्या बघितला न्हाय."

"लांब पडंल, बाईसाहेब. जाऊन-येऊन आख्खा दीस जाईल."

"जाऊ दे की. उद्या लवकर निघू."

सडकेच्या मधोमध एक बैलगाडी चालली होती. मागच्या बाजूला एक बाई पाय खाली सोडून बसली होती, मांडीवर गाठोडं घेऊन. गाडीवानाला मोटारीचा आवाज आला नसावा. उत्तरेश्वरानं वेग कमी केला आणि मालक भोंगा वाजवतील म्हणून वाट पाहिली. हिंमतराव हलले नाहीत.

द्वारकाबाईंनी नवऱ्याच्या मांडीवरून हात पलीकडं नेला आणि भोंगा दाबला. दचकून बैल बिचकले, गाडी चारीत उतरली. ती बाई गाठोडं छातीशी धरून मोटारीकडं बघत होती, ओळखीचं कुणी आहे का म्हणून.

"थांबू का?" उत्तरेश्वरानं विचारलं.

"कशाला?" द्वारकाबाई म्हणाल्या आणि उडणारा पदर त्यांनी सावरला.