पोळा फुटला तरी

नानाजीचा राग जाम नावाच्या त्या गावात कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होता. चहा थंड आहे म्हणणाऱ्या एका पाहुण्याला त्यानं ओसरीवरून खाली उतरवलं होतं, दुसऱ्याला नुसतं हसला म्हणून. सुलोचनेची दोन स्थळं अशी बापाच्या तोंडापायी गेली. तिसरं आलं वडनेरच्या पुंडलिकरावांच्या मुलाचं. मुलगा सुलोचनेला मनातून आवडला होता, आणि पुंडलिकरावांनी अट सरळच घातली.

"पोरगी पसंत हाय, नानाजी. पन तुमच्या रागाचं लई आयकलं. पोळ्याले येतो, तुमच्याजवळच उभा राह्यतो. झडत्या आयकून भडकले नाई, त सोयरीक पक्की."

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की कुणीही उठावं आणि झडती, म्हणजे यमक जुळवलेल्या दोन चिमटेदार ओळी, म्हणून कुणाचीही टोपी उडवावी; त्याचा राग मानायचा नसतो. नानाजी दरवर्षी मानायचा. गेल्या साली तर तो बैल सोडून झडतीवाल्या कवडूमागे मारुतीच्या पारापर्यंत धावला होता.

तो अण्णाजी मास्तरांकडे गेला. मास्तर नागपूरला पाद्र्यांच्या कॉलेजात शिकलेले, जुन्या ग्रीक लोकांची भाषा थोडीफार जाणणारे.

"मास्तर, राग न येण्याचं औषध सांगा."

"ते माह्याजवळ नाई. ग्रीक लोकाईचा एक शब्द हाय, एन्क्रातेया. ज्याले रागच येत नाई, त्याच्यासाठी त्याईनं दुसरा शब्द ठेवला. हा त्याच्यासाठी, ज्याले राग येते, जोरात येते, अन् तरी जो त्याले धरून ठेवते. जोरबी आपला, अन् त्या जोरावर हातबी आपलाच."

"म्हंजे आला त चालते?"

"येऊ दे ना! कासरा सोडू नोको, बस."

नानाजी उड्या मारत घरी आला. राग तर त्याच्याकडे पोत्यानं होता!

पोळ्याच्या दिवशी डफड्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं. नानाजीनं आपल्या पवळ्या बैलाचा कासरा तळव्याभोवती दोनदा गुंडाळला. शेजारी तुऱ्याचा फेटा बांधलेले पुंडलिकराव. पलीकडे बायांच्या घोळक्यात सुलोचना. कवडू उठला.

"बायकोवर चिडला, भिंतीले भिडला,
भिंत राह्यली उभी, नानाजीच पडला!"

हर हर महादेव! सगळा गाव खिदळला. नानाजीचे कान तापले. एन्क्रातेया, तो पुटपुटला. कवडूला आणखी चेव आला.

"रंगवली शिंगं, वय काई लपेना,
दात पडले सारे, ढेप काई खपेना!"

पवळ्यावर! आई मेलेलं ते वासरू नानाजीनं हातानं दूध पाजून वाढवलं होतं. त्याचं डोकं सणकलं, पाय उचलला गेला. कवडूनं पळायच्या तयारीनं धोतर खोचलंसुद्धा. तेवढ्यात नानाजीची नजर सुलोचनेवर गेली. पोरीनं डोळे गच्च मिटले होते. त्यानं पाय खाली ठेवला. दातावर दात, डोळे लाल, अंगाला घाम, पण जागचा हलला नाही.

"नाई भडकला! नाई भडकला!" पोरंसोरं ओरडली. मजा गेली म्हणून कवडू पाहुण्याकडे वळला.

"दूध पेली मांजर, साखर मुंगी खाये,
वडनेरच्या चहात नुसता वास राहे!"

पुंडलिकरावांच्या मिशा थरथरल्या. "कोन हाय रे तो? थांब, दातच पाडतो तुह्ये!" म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या.

नानाजीला काय आनंद झाला! जाऊ द्यावं यांना, पाहू दे गावाला तापट कोण ते. पण एका क्षणात तो आनंदही त्यानं गिळला आणि कासऱ्याचं मोकळं टोक पाहुण्याच्या हातात कोंबलं.

"व्याही, हे धरा. राग येऊ द्या, खुशाल येऊ द्या. फक्त सोडू नोका."

पुंडलिकराव गुरगुरले, पण त्यांनी धरलं. दोघं म्हातारे थरथरत एकाच दोराला लोंबकळले. तोरण तुटलं, पोळा फुटला. बैल धूळ उडवत घराकडे सुटले, आणि बिचारा पवळ्या मात्र दोघांच्या ओढीनं एकेक पाऊल मागे मागेच येत राहिला.

शेवटी सुलोचना जवळ आली. "बाबा, सोडा आता. पोळा कवाचा फुटला."

नानाजीनं मूठ उघडली. तळव्यावर दोराचे लालबुंद वळ होते. पुंडलिकरावांनीही उघडली. तसेच वळ. ते कधी या तळव्याकडे बघत, कधी त्या. मग त्यांनी फेटा सारखा केला.

"सूनबाई," ते म्हणाले, "चहा ठेवजो. अन् दूध बराबर टाकजो."